रशिया, चीन मादुरोंचे मित्र होते, तर ऐन वेळी कुणीच मदतीला का आलं नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: "व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांच्या पाठीशी रशिया, चीन, इराण, क्युबा आहेत असं वर्षानुवर्षं वाचलं. मग ३ जानेवारी २०२६ ला अमेरिकेने त्यांना कराकसमधून उचलून न्यूयॉर्कला नेलं, तेव्हा निषेधाच्या पत्रकांपलीकडे कुणीच काही का केलं नाही? आणि शेजारचे देश काय करत होते?"

थोडक्यात सांगायचं तर क्युबा सोडला तर बाकीचे मित्र कमी आणि सावकार जास्त होते. सावकार ऋणकोसाठी जीव देत नाही. कागद शाबूत आहे ना, एवढंच तो बघतो.

मी बरीच वर्षं रिफायनरीत नोकरी केली, त्यामुळे या देशाकडे मी आधी तेलाच्या बाजूने बघतो. जगातला सर्वांत मोठा तेलसाठा, सुमारे ३०० अब्ज बॅरल, हे वाक्य प्रत्येक बातमीत असतं. बातमीत नसतं ते हे, की त्यातला बराचसा साठा ओरिनोको नदीच्या पट्ट्यात आहे आणि तिथलं तेल थंडीतल्या काकवीसारखं घट्ट असतं. नाफ्था किंवा हलकं तेल मिसळल्याशिवाय ते पाइपलाइनमधून धड वाहत नाही. त्यात गंधक भरपूर, व्हॅनेडियमसारखे धातूही भरपूर. साध्या रिफायनरीत ते घेतलं तर कॅटॅलिस्टची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या द्रव्याची, वाट लागते. ते पचवायला कोकर, म्हणजे जड तेल तापवून फोडणारं युनिट, लागतो, आणि तसे मोठे कारखाने अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावर आहेत, चीनमध्ये आहेत आणि आपल्या जामनगरला आहेत. म्हणजे तेल कितीही असो, ते पातळ करायला माल पुरवणारा, यंत्रं चालती ठेवणारा आणि नेमकं हेच तेल घेणारं गिऱ्हाईक, हे तिन्ही बाहेरून यावे लागतात. मादुरोंच्या आधीचे अध्यक्ष चावेझ, त्यांच्याही आधीच्या काळात हा देश रोज ३० लाख बॅरलहून जास्त तेल काढत होता. २०२० मध्ये ते पाच लाखांच्याही खाली घसरलं. निर्बंधांनी घाव घातला हे खरं, पण सरकारी तेल कंपनी त्याच्या कितीतरी आधीपासून पोखरली गेली होती. २००२-०३ च्या संपानंतर चावेझनी हजारो जाणकार कर्मचारी घरी बसवले, तिथेच निम्मा खेळ संपला असं माझं मत.

आता एकेक पाहुणा बघा.

चीनने २००७ पासून सुमारे ६० अब्ज डॉलर कर्ज दिलं आणि फेड तेलात ठरली. २०१४ मध्ये तेलाचा भाव कोसळला, तसं तेवढ्याच डॉलरच्या फेडीसाठी दुपटीहून जास्त तेल द्यावं लागू लागलं. पुढे चीनने मोठी नवी कर्जं देणं बंद केलं आणि जुनी वसूल करत राहिला. मादुरोंना पकडण्याच्या आदल्याच दिवशी चीनचे विशेष दूत मिराफ्लोरेस राजवाड्यात त्यांना भेटून आले होते. ती भेट मैत्रीची म्हणून दाखवली गेली. मला ती वसुलीचीही वाटते.

रशियाचा तमाशा मोठा, गुंतवणूक त्यामानाने बेताची. २०१६ मध्ये रोसनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीने कर्जापोटी सिटगोचे ४९.९ टक्के शेअर तारण घेतले. सिटगो म्हणजे व्हेनेझुएलाच्या मालकीची अमेरिकेतली रिफायनरी कंपनी. डिसेंबर २०१८ मध्ये दोन टीयू-१६० बॉम्बर कराकसजवळ उतरवून फोटो काढून झाले. मार्च २०१९ मध्ये शंभरेक रशियन सैनिकही येऊन गेले. पण २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेने रोसनेफ्टच्या उपकंपन्यांवर निर्बंध लादले, आणि मार्चअखेर रोसनेफ्टने तिथला सगळा कारभार दुसऱ्या एका रशियन सरकारी कंपनीच्या गळ्यात मारला. रशिया कुठवर साथ देणार हे त्याच दिवशी कळलं होतं.

इराणने २०२० मध्ये पेट्रोलने भरलेले टँकर पाठवले. जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्याच्या देशात पेट्रोल बाहेरून आलं!

क्युबाचं प्रकरण वेगळं. चांगल्या दिवसांत तिकडे रोज लाखभर बॅरल तेल जात होतं, आणि बदल्यात हवानाहून डॉक्टर येत होते, शिक्षक येत होते, आणि गुप्तहेर व अंगरक्षकही. कराकस गेलं तर हवानात अंधार, इतका सरळ हिशेब. ३ जानेवारीच्या कारवाईत आपली ३२ माणसं मारली गेली असं क्युबाने जाहीर केलं. मॉस्को आणि बीजिंगने फक्त निवेदनं काढली.

शेजाऱ्यांचं मात्र वेगळं आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते जवळजवळ येतच नाहीत. महासत्तांना हा बुद्धिबळाचा पट वाटतो. कोलंबिया आणि ब्राझीलला तो उंबऱ्यावर येऊन पडलेला संसार होता. देश सोडून गेलेल्या सत्तर लाखांहून जास्त लोकांपैकी सुमारे २८ लाख एकट्या कोलंबियात आहेत. कुकुता या सीमेवरच्या गावात सीमोन बोलिव्हार पुलावरून माणसं बोचकी घेऊन चालत यायची. व्हेनेझुएलातलं पेट्रोल जवळजवळ फुकट होतं तेव्हा त्याच भागात चोरट्या पेट्रोलचे कॅन रस्त्यावर उघड विकले जात. २३ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेने पाठवलेली अन्न-औषधांची मदत याच गावातून आत न्यायची होती. मादुरोंनी जवळच्या तिएंदितास पुलावर कंटेनर आडवे टाकले आणि तो डाव तिथेच फसला. विरोधी नेते हुआन ग्वायदोंना पन्नासहून जास्त देशांनी हंगामी अध्यक्ष मानलं होतं, पण त्यांच्यासाठी बराकीतून किती सैनिक बाहेर आले? मोजकेच. २०२२ च्या अखेरीस त्यांच्याच सहकाऱ्यांनी ते हंगामी सरकार गुंडाळलं.

ब्राझीलच्या रोराइमा राज्याला वीज व्हेनेझुएलातल्या गुरी धरणावरून येत होती. ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो मादुरोंवर तोंडसुख घेत होते, तेव्हाही रोराइमाची राजधानी बोआ व्हिस्टाच्या घरांत दिवा मादुरोंच्या विजेवर लागत होता. मार्च २०१९ मध्ये व्हेनेझुएलाभर वीज गेली, ती लाइन बंद पडली आणि ब्राझीलला तिथे महागड्या डिझेलवर जनरेटर चालवावे लागले. ब्राझीलचे तेव्हाचे उपाध्यक्ष मोराँव स्वतः जनरल, पण लष्करी कारवाईला त्यांचा ठाम विरोध होता. शेजारी पेट घेतला तर धूर कुणाच्या घरात जाणार, हे फौजी माणसाला लवकर कळतं.

या देशांची धोरणं त्यांच्या स्वतःच्या निवडणुकांबरोबर उलटीपालटी झाली. २०१७ मध्ये बारा देशांनी मादुरोंच्या विरोधात लिमा गट काढला. मेक्सिकोत डावे लोपेझ ओब्राडोर सत्तेवर आले आणि मेक्सिको बाजूला झाला, २०२१ मध्ये अर्जेंटिना बाहेर पडला. कोलंबियात २०२२ मध्ये डावे पेट्रो अध्यक्षपदावर आले आणि साधारण महिनाभरात सीमा पुन्हा उघडण्याची तारीख ठरली. पण डावे म्हणून हे सगळे मादुरोंचे पाठीराखे झाले असं समजू नका. २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मादुरोंनी विजयाचा दावा केल्यावर ब्राझीलचे अध्यक्ष झालेले लुला आणि पेट्रो या दोघांनीही मतमोजणीच्या केंद्रनिहाय नोंदी मागितल्या. मादुरोंनी त्या कधीच दाखवल्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये रशियातल्या कझानच्या परिषदेत ब्राझीलने व्हेनेझुएलाला ब्रिक्स या देशांच्या गटात घेऊ दिलं नाही, आणि यजमान पुतिन असूनही काही करू शकले नाहीत. त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, मादुरोंनी गयानाच्या एसेक्विबो प्रांतावर हक्क सांगायला सार्वमत घेतलं, तेव्हा लुलांनी रोराइमात चिलखती गाड्या हलवल्या, कारण तिकडे रणगाडे न्यायचे तर सोयीचा रस्ता ब्राझीलमधूनच जातो.

आणि अमेरिका? २०१९ मध्ये तेलावर निर्बंध, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन तेल कंपनी शेवरॉनला परवाना, २०२३ मध्ये मादुरो आणि विरोधकांत निवडणुकीबाबत झालेल्या बार्बाडोस करारानंतर सहा महिन्यांची सवलत, २०२४ च्या एप्रिलमध्ये ती परत रद्द. लोकशाहीचं नाव घेतलं जायचं, पण टेक्सासच्या कोकरांना हेच घट्ट तेल लागतं ही गोष्ट कधीच नजरेआड झाली नाही. मादुरो गेल्यावर खुर्चीत कोण बसलं ते बघा: त्यांच्याच उपाध्यक्ष डेल्सी रोद्रिगेझ. नोबेल मिळवलेल्या विरोधी नेत्या मारिया कोरिना माचादो बाहेरच राहिल्या. कारभार तोच, माणसं बहुतेक तीच, म्हणजे कर्जाच्या कागदावर सही मानणारं सरकार तेच. चीनने मग कशासाठी गलबतं पाठवायची?

आपणही या सावकारांच्या रांगेत आहोत. ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी कंपनीचा तिथल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात ४० टक्के वाटा आहे आणि २०१४ पर्यंतच्या लाभांशाचे ५० कोटी डॉलरहून जास्त अजून अडकलेले आहेत. कारवाईच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीने निवेदन काढून तीव्र चिंता व्यक्त केली. त्यात अमेरिकेचं नाव नव्हतं.