आरशापुढचा कंडक्टर

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे. ट्रिनिटीची (लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाची) पियानोची सातवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये झाली. पण वर्षभर यूट्यूबवर सिम्फनी लावून, माझी विणायची सुई हातात घेऊन आरशापुढे हातवारे करतो. म्हणतो, ऑर्केस्ट्रा कंडक्टर व्हायचंय. मिस्टर म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू. काय करावं?
– एक आई, ठाणे

ताई, सुई काढून घेऊ नका. मला खटकतो तो आरसा. रेकॉर्डिंग आपलं वाजत असतं आणि याचा हात त्याच्या मागून जातो. खऱ्या कंडक्टरचा हात आवाजाच्या आधी जावा लागतो, कारण वादक त्याच्या इशाऱ्यावर वाजवतात.

घरीच एक चाचणी घ्या. संगीतकार हायडनच्या एखाद्या स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या चौघांच्या रचनेचा, स्कोअर (सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली स्वरलिपी) नेटवर फुकट मिळतो. रेकॉर्डिंग न ऐकता त्याने चारही ओळी एकदम पियानोवर वाजवून बघाव्यात, अगदी हळू चालेल. व्हायोलाची ओळ वेगळ्याच क्लेफमध्ये (कोणत्या रेघेवर कोणता स्वर, हे सांगणाऱ्या चिन्हात) असते, बोटं पहिल्यांदा तिथे अडतील. पुढे सिम्फनीच्या पानावर बी फ्लॅट क्लॅरिनेट भेटेल, त्याला लिहिलेला 'सी' हा स्वर ऐकू येतो 'बी फ्लॅट', म्हणजे खालचा. यात वैतागून उठला आणि जेवण झाल्यावर पुन्हा त्याच पानाशी जाऊन बसला, तर मिस्टरांना सांगा, प्रकरण गंभीर आहे. ट्रिनिटीला वरच्या ग्रेडसाठी थिअरीची परीक्षा सक्तीची नाही, त्यामुळे आठवी ग्रेड पास झालेली पण थिअरीत कच्ची मुलं मला सर्रास भेटतात. ती बाजू आत्ताच भरून काढा.

पियानोवाल्यांची खरी अडचण वेगळीच असते. ती मुलं एकटी वाढतात. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता मुंबईत डॉक्टरकीची वाट सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले. कंडक्टिंग शिकले हान्स स्वारोव्स्कींकडे, पण ऑर्केस्ट्रात डबल बासही (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जाचं वाद्य) वाजवला. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात २०२० पासून त्यांच्या जागी आलेला लाहाव शानी मूळचा पियानिस्ट, आणि गंमत म्हणजे तोही डबल बास वाजवणारा. त्याने २०१३ मध्ये जर्मनीतल्या बाम्बर्गची माहलर कंडक्टिंग स्पर्धा जिंकली, चोविसाव्या वर्षी. मागच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याचा हात बघायची सवय दोघांनाही आधीच होती.

ठाण्यात डबल बास कुठून आणणार, हे मलाही कळतं. पण व्हायोलिनच्या, गाण्याच्या ग्रेड परीक्षांना पियानोवर साथ करणारा लागतो आणि तो सहज मिळत नाही. तुमच्या मुलाने ते काम पत्करावं. आपल्याकडे संगीत नाटकात पायपेटीवाला नटाच्या श्वासाकडे डोळा ठेवून बसायचा, तेच हे. वसईकडच्या चर्चमध्ये क्वायर असतात, तिथेही जाऊन बघू दे. जर्मनीतल्या ऑपेरा हाऊसमध्ये तरुण पियानिस्ट गायकांच्या तालमी घेतो आणि तिथूनच हळूहळू कंडक्टर होतो. हा फार जुना रस्ता आहे. नामवंत कंडक्टर जॉर्ज शोल्टीही बुडापेस्टला तसेच वर चढले.

आता नोकरीचं. भारतात या पदाच्या जागा जवळजवळ नाहीतच. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तो एकच. त्यांचा पुढचा सीझन लागला की ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकडून त्याला एकदा घेऊन जा. जागा शक्यतो अशी घ्या की कंडक्टरचा चेहरा दिसेल.

म्हणजे शिक्षण बाहेरच. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांची फी बहुतेक राज्यांत नाममात्र असते, पण व्हिसासाठी वर्षाला साधारण १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा मिस्टरांपासून लपवू नका. प्रवेशाला पियानोची आणि कानाची (ऐकून स्वर ओळखण्याची) परीक्षा होते, जर्मनही लागते. मॅक्स म्युलर भवनचा जर्मन भाषेचा वर्ग याच वर्षी सुरू करा. घरात कीबोर्ड असेल तर खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड अशा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हेडफोन लावला की सोसायटीवाल्यांचीही तक्रार नाही.

इंजिनिअरिंगबद्दल माझं मत मिस्टरांना आवडणार नाही. बारावी सायन्स नीट करू दे, पण जेईईचा क्लास आणि हे, दोन्ही जमणार नाही. बारावीनंतर सहा वर्षांनी सुरुवात केली तरी चालेल, असा हा धंदा नाही. मात्र आज निर्णय घ्यायची घाई नको. पुढच्या परीक्षा सत्रात त्याने कुणाकुणाला साथ केली आणि त्यातला कोण मध्येच चुकल्यावर याने कसं सावरून घेतलं, ते मला कळवा. इंजिनिअरिंगचं त्यानंतर बोलू.