बीएला युरोपचा इतिहास, पण शाळा मराठी माध्यमाची. अभ्यास कसा करू?

मी पण खानापूरकडच्या मराठी शाळेतनंच आलो, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला रेनेसान्स (युरोपातलं प्रबोधन) म्हणजे काय हेच कळेना. इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला जाऊ नकोस, झोप येते. आधी धडा मराठीत वाच, मग तोच इंग्रजीत.

सनावळ्या घोकण्यापेक्षा 'का' विचार की! गाईडात सरळ लिहिलेलं असतं, 1453 ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, पूर्वेकडचा जमिनीवरचा व्यापारी रस्ता अडला, म्हणून युरोपियन भारताकडचा समुद्रमार्ग शोधायला निघाले. पण पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा हे बंदर 1415 लाच घेतलं होतं, म्हणजे 38 वर्षं आधी! मग 1453 हे एकमेव कारण कसं? सोनं, गुलामांचा व्यापार, धर्म हे सगळं त्यात आलं. उत्तरात एवढं लिहिलंस तरी घोकणाऱ्यांपेक्षा वेगळा दिसशील.

पुढचं तर आपल्या दारातलंच. 1498 ला पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा कालिकतला आला, 1510 ला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं गोवा घेतलं. चोर्ला घाट उतरलं की पलीकडे तेच गोवा. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, पावही तिथलाच, आणि मिरची मूळची अमेरिकेतली. आईला सांगून बघ, पटणार नाही तिला.

नकाशा मात्र हातानं काढ. भूमध्य समुद्र डोळ्यासमोर नसेल तर रोमही कळत नाही.