‘सौजन्य’ कोणाचे आणि ‘भार’ कोणावर?

गावच्या यात्रेचे संकेतस्थळ तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की नकाशाच्या कोपऱ्यात ‘सौजन्य : ओपनस्ट्रीटमॅप’ (लोकांनी मिळून रचलेला, सर्वांना खुला असलेला नकाशा) असे लिहिणे योग्य आहे का. योग्य नाही. हे ‘सौजन्य’ हल्ली दिसेल तिथे चिकटवलेले असते, आणि त्याच्या शेजारी ‘वर्डप्रेस द्वारा समर्थित’ हे हिंदी वळणाचे वाक्य उभे असते. ‘हे संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते’ असे लिहायला कोणाची हरकत आहे, हे मला उमगलेले नाही.

सुजनाचा भाव ते सौजन्य. ज्याने आपल्या चांगुलपणाने छायाचित्र वापरू दिले, त्याच्या नावापुढे तो शब्द शोभतो. मुक्तस्रोत प्रणालीत, म्हणजे मूळ संहिता (कोड) सर्वांना खुली असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणी मेहेरबानी करत नाही. वापरण्याचा हक्क परवान्यानेच सर्वांना देऊन ठेवलेला असतो आणि नामोल्लेख ही त्या हक्काबरोबर आलेली अट असते. अट पाळली तर सौजन्य देणाऱ्याचेही होत नाही आणि घेणाऱ्याचेही होत नाही.

अशा नामोल्लेखाला इंग्रजीत ‘ॲट्रिब्यूशन’ म्हणतात. त्यासाठी ‘श्रेयनिर्देश’ रुळलेला आहे, तो खुशाल वापरावा. परंतु माझे मत ‘साभार’ या शब्दाला आहे, कारण ‘आभार’ या शब्दाच्या पोटात ‘भार’ आहे. ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे. भारा, भर्ता आणि भृत्य ही त्याच धातूची लेकरे. म्हणूनच मराठीत धन्यवाद देतात, पण आभार ‘मानतात’: ओझे दुसऱ्याला देण्याचे नसते, ते आपल्या शिरावर आहे हे कबूल करायचे असते. परवान्यातील नामोल्लेखाच्या अटीचे इतके नेमके वर्णन मला दुसऱ्या कोणत्याही शब्दात सापडलेले नाही.

हे ओझे केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बीएसडी या संगणकप्रणालीच्या जुन्या परवान्यात अशी अट होती, की या प्रणालीच्या वैशिष्ट्यांचा किंवा वापराचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचे नाव यावे. पुढे इतरांनी तीच अट आपापली नावे घालून उचलली, आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या बीएसडीच्याच वंशातील प्रणालीच्या 1997 सालच्या आवृत्तीत मोजली तेव्हा अशी 75 वाक्ये भरली. विद्यापीठाने जुलै 1999 मध्ये ती अट काढून टाकली. परंतु मूळ संहितेतील प्रताधिकाराची सूचना जपण्याची अट राहिली, आणि ती आजही आहे.

आता नकाशाचा तो कोपरा. लीफलेट हे संकेतस्थळावर नकाशा दाखवण्याचे साधन वापरून केलेल्या नकाशाच्या उजव्या तळाशी सहसा आधी ‘लीफलेट’ हा दुवा आणि मग ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख दिसतो. दोन्ही एकाच ओळीत असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. लीफलेटचा परवाना बीएसडी प्रकारचा असल्याने संहितेतील सूचना जपली की पुरते, पडद्यावरचा दुवा ऐच्छिक असतो. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मात्र 2012 पासून ओडीबीएल या माहितीसंचांसाठीच्या खुल्या परवान्याखाली आहे, आणि ती कोठून आली हे पाहणाऱ्याला कळलेच पाहिजे. लीफलेटच्या ‘सेटप्रीफिक्स’ या आज्ञेला ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नको’) दिले तर केवळ लीफलेटचे नाव जाते. परंतु ही ओळ दाखवणारे ‘ॲट्रिब्यूशनकंट्रोल’च बंद केले तर अख्खी ओळ जाते, आणि ‘कोपरा स्वच्छ दिसावा’ म्हणून पुष्कळजण नेमके हेच करून बसतात.

परिभाषाकोशांच्या वळणाने जाणारे काही विद्वान ‘ॲट्रिब्यूशन’साठी ‘आरोपण’ सुचवतात. व्याकरणाने तो शब्द निर्दोष आहे. पण ज्या भाषेत ‘आरोप’ झाल्यावर माणूस वकील गाठतो, त्या भाषेत एखाद्या प्रोग्रामरवर त्याच्याच कामाचे आरोपण करण्याचे धाडस मी करणार नाही. ‘साभार’ म्हटले की संपादकांचे ‘साभार परत’ आठवते, असाही आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही, कारण तेथे डंख ‘परत’ या शब्दाचा असतो. याउलट, समाजमाध्यमांवर फिरणारे ‘साभार : अज्ञात’ हा शुद्ध पळपुटेपणा आहे, कारण ज्याचे नावच ठाऊक नाही त्याचा भार मानला तरी कोणाचा?

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी ‘नकाशा-माहिती साभार : ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असे लिहावे, आणि त्या नावाला ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रताधिकाराच्या पानाचा दुवा जोडावा. लीफलेटचे नाव ठेवायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे, मी ठेवतो.