खालीचा हात माइकला ऐकू येत नाही

प्रिय दोस्ता,

मैफलीत आवाजावर हलणाऱ्या पडद्यावरच्या चित्रांची तुझी क्लिप पाहिली. रंग सुरेख, कण छान उधळतात. मग आवाज बंद करून पाहिली, तरी जवळजवळ तेवढीच छान वाटली. शंका तिथेच आली.

तू आवाजाची एकूण पातळी घेऊन ती कणांच्या आकाराला जोडली आहेस. सगळे तिथूनच सुरू करतात. पण तंबोरा अखंड वाजतो, त्यामुळे पातळी कधी खाली येतच नाही आणि पडदा सतत फुललेलाच राहतो. पातळीऐवजी बदल घे. गेल्या सेकंद-दोन सेकंदांच्या सरासरीपेक्षा आत्ताचा आवाज किती वर उसळला, तेवढंच बघ.

त्यानंतर खर्ज (खालचे, जाड स्वर) आणि तार (वरचे, बारीक स्वर) वेगळे कर. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने येतात. एफएफटीला (आवाजातले जाड-बारीक स्वर वेगवेगळ्या खणांत वाटून दाखवणाऱ्या गणिताला) १०२४ नमुन्यांचा तुकडा दिलास तर तो २३ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे थाप चटकन पकडता येते. पण प्रत्येक खण ४३ हर्ट्झ रुंद, डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा पहिल्या दोन-तीन खणांतच कोंबला जातो. ४०९६ नमुने घेतलेस तर खण ११ हर्ट्झचे होतात, पण तुकडा ९३ मिलिसेकंदांवर जातो आणि थाप पडून गेल्यावर चित्र हलतं. दोन्ही एकदम चालव: थापेसाठी छोटा, घुमाऱ्यासाठी मोठा. लॅपटॉपला हे काहीच नाही.

डग्ग्यावर एवढा जोर का, तर सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका म्हणून बघ. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, तिथे ‘धा’. पुढे दहा ते तेरा ‘तिं तिं ता ता’, डग्गा मिटलेला. चौदाव्याला ‘धिं’ येतो आणि खर्ज परततो. तबलजी सरळ ठेका धरून असेल तोवर संगणकाला ताल न शिकवताही ही पोकळी सापडते. त्या चार मात्रांत पडदा रिकामा होऊ दे. तुझ्या क्लिपमध्ये पडदा एकदाही रिकामा झालेला नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

आता प्रेक्षक. क्यूआर कोड स्कॅन करायला लावणं काढून टाक. मोबाइलकडे मान गेली की माणूस मैफलीतून उठला. १९९१ साली लास वेगासला, सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत, त्याच क्षेत्रातले तंत्रज्ञ लॉरेन कार्पेंटर यांनी सभागृहातल्या लोकांच्या हाती एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरव्या पट्ट्या दिल्या. कॅमेरा रंग मोजत होता आणि सगळं सभागृह मिळून पडद्यावर पाँग हा चेंडू-फळीचा व्हिडिओ गेम खेळलं. आपल्या श्रोत्याला तर पट्टीही नको. ठाण्यातल्या कुठल्याही मैफलीत पुढच्या रांगेतले काका हातावर ताल धरून बसलेले असतातच. टाळी माइकला ऐकू येते. खालीला हात नुसता बाजूला जातो, तो फक्त कॅमेऱ्याला दिसतो. तो हात पकड. पन्नास हात एकदम बाजूला गेले आणि पुढच्याच मात्रेला पडदा मोकळा झाला, तर ‘हे आपण केलं’ हे कुणाला सांगावं लागणार नाही. अंधारात साधा कॅमेरा आंधळा होतो, तेव्हा इन्फ्रारेड कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवा लागेल. पडद्याचा उजेड हातांवर पडून आकडे बिघडतात, तेही त्याने टळतं.

सरावासाठी पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल-ताशा रेकॉर्ड करून आण. ढोलाचा खर्ज आणि ताशाचा कडकडाट इतके वेगळे असतात की तुझा कोड चुकला तर लगेच कळेल. गेन (रेकॉर्डिंगची पातळी) मात्र खूप खाली ठेव, नाहीतर नुसता फाटका आवाज हाती येईल.

ठाण्यात उपवनला तलावाकाठी कार्यक्रम करायचा म्हणतोस, तर वीस मीटरवरच्या माणसाला आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, चित्र लगेच. प्रोजेक्टर स्वतः थोडा रेंगाळतो, त्यामुळे मागच्यांचं जमून जातं. जुळवून घ्यायचं ते पुढच्या रांगेसाठी. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साउंडवाल्याला भेट. मिक्सरमधून तबल्याची वेगळी लाइन माग, हॉलमधल्या माइकवर विसंबू नकोस. केबल आपली ने. त्यांच्याकडची आयत्या वेळी सापडत नाही.

तुझा,
दादा