पालकांची टपालपेटी : सभा संपल्यावर वाचलेली सूचना

या वेळच्या टपालात शाळेच्या बातम्या आणि कार्यक्रम यांविषयीची पत्रे इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. त्यांतली चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली तक्रार वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी कळवली आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करते. मुलगा एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर सुप्रभात, वाढदिवस आणि फोटो येत असतात, आणि त्यांच्यातच कुठेतरी ‘उद्या सकाळी ११ वाजता पालक सभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे’ एवढी एक ओळ येते. पहिली पाळी साडेतीनला सुटली की मी फोन पाहते. दुसऱ्या दिवशीची रजा त्या वेळी कोण देणार? गेल्या वर्षी तीन सभा अशाच बुडाल्या. शेवटी वर्गशिक्षिकेने मुलाच्या वहीत ‘पालकांचे लक्ष नाही’ असा शेरा लिहिला. मी काय करावे?
– एक आई, श्रमिकनगर

उत्तर : आधी एक कबुली देते. अशा एका ओळीच्या सूचना मीही काढलेल्या आहेत. निफाड तालुक्यात मुख्याध्यापिका असताना फेब्रुवारीत, ऐन द्राक्षांच्या खुड्यात, मी सकाळी अकराची पालक सभा ठेवली होती. चार पालक आले, आणि त्यांतल्या एक तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईच होत्या. मला राग आला. संध्याकाळी रस्त्यात भेटलेले एक वडील सरळ म्हणाले, “बाई, खुडा चालू असताना वावर सोडून कोण येणार? रात्री जेवणं झाल्यावर घ्या की.” पुढची सभा रात्री साडेआठला शाळेच्या ओट्यावर घेतली, तर बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. बाया झोपलेली पोरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पालकांचे लक्ष पूर्वीही होतेच, आमच्या घड्याळाचे मात्र त्यांच्या कामाकडे नव्हते.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, अध्यक्षही पालकांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे समितीची बैठक दरमहा व्हावी लागते. खेड्यात या समितीची नावे शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेली दिसतात. शहरात ती पुष्कळदा कार्यालयातल्या कपाटाआड असतात, तरीही विचारल्यावर दाखवावी लागतात. सभेची वेळ आणि सूचना देण्याची पद्धत हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, असा चार ओळींचा अर्ज अध्यक्षांच्या नावे लिहा, त्यावर आपल्यासारख्या पाळीने काम करणाऱ्या आणखी पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या आणि मुख्याध्यापकांकडे देऊन पोहोच घ्या. अर्जात तक्रारीचा सूर नको, मागणी असावी : सूचना किमान आठ दिवस आधी मिळावी, सभा शनिवारी दुपारी किंवा सायंकाळी घ्यावी आणि ज्यांना येता येणार नाही त्यांना झालेले निर्णय लेखी कळावेत.

सूचना कशी असावी, याचा नमुनाही अर्जासोबत जोडता येईल. मी असा लिहीन : ‘इयत्ता चौथीच्या पालकांची सभा शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत चौथीच्या वर्गात होईल. पहिल्या चाचणीतील मुलांचे वाचन आणि सहलीचा खर्च हे दोनच विषय आहेत. सहलीबाबत निर्णय याच सभेत होईल. लहान मूल सोबत आणल्यास हरकत नाही. येणे शक्य नसल्यास सोमवारपर्यंत शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेला भेटावे.’ ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ हे वाक्य यात नाही, कारण त्याने कोणी येत नाही. आपल्यावाचून कोणता निर्णय होणार आहे हे कळले, की माणूस रजेची खटपट करतो.

गटावरच्या गर्दीला उपाय सोपा आहे. केवळ शिक्षकच संदेश पाठवू शकतील असा दुसरा गट शाळेने सूचनांसाठी उघडावा. शुभेच्छांचा गट आहे तसा चालू द्यावा, त्यावाचून काही घरांची सकाळ होत नाही. शिवाय वर्षातले अर्धेअधिक कार्यक्रम कॅलेंडरवर आधीच ठरलेले असतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि २७ फेब्रुवारीचा, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी येणारा, मराठी भाषा गौरव दिन यांपैकी एकही अचानक उगवत नाही. मुलाला सावित्रीबाईंची वेशभूषा करायची आहे हे २ जानेवारीच्या रात्री नऊला कळवण्याचे म्हणूनच काही कारण नाही. सत्राच्या पहिल्या आठवड्यात तारखांचा एक कागद घरी यावा, हीही मागणी अर्जात घाला.

वहीतल्या शेऱ्याखाली आपणही लिहा : ‘सूचना आदल्या दिवशी दुपारी वाचली. माझी पाळी साडेतीनला सुटते, त्यानंतर कधीही येऊ शकते.’ खाली सही करा. भांडण न करता नोंद राहते.

प्रश्न : माझी नात यंदा पहिलीत जाणार आहे. शाळेत मेळावा झाला, कागदी टोप्या घातल्या, दोरीवरून चालवले, मणी मोजायला लावले. ही परीक्षा होती काय? आणि दुसरे असे, की तिचे आईबाप द्राक्षांच्या छाटणीच्या वेळी दिंडोरीकडे मजुरीला जातात, तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली तर नाव कमी होईल काय?
– एक आजोबा, सुरगाणा तालुका

उत्तर : आजोबा, ती परीक्षा नव्हती. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतला जातो, त्याला ‘पहिले पाऊल’ म्हणतात. एप्रिलमध्ये एक आणि शाळा उघडताना जूनमध्ये एक, असे दोन मेळावे होतात. नावनोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबले मांडलेली असतात आणि मुलाला काय जमते याची नोंद विकासपत्रात होते. दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत वस्तीतल्या आयांच्या गटाने मुलांकडून घरच्याच वस्तूंनी सराव करून घ्यावा, अशी त्यामागची योजना आहे. तुमच्याकडे नागली (नाचणी) निवडताना मुठी मोजल्या, तरी ते पूर्वगणितच झाले. विकासपत्र जपून ठेवा आणि जूनच्या मेळाव्याला घेऊन जा.

छाटणीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शक्य असेल तर नातीला तुमच्याजवळच ठेवा. ती गेलीच, तर निघण्याच्या आधी गुरुजींना सांगून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवल्यावर जिथे मुक्काम असेल तिथल्या शाळेत तिला बसता येते. कायद्याप्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. न सांगता गेल्यास मात्र मूल इकडे गैरहजर लागते आणि तिकडे ते आले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत माझी मुलगी शिकते. स्नेहसंमेलनाच्या पोशाखासाठी ठरावीक दुकान आणि ठरावीक रक्कम कळवली गेली. पालकांचे प्रतिनिधी कोण, हेच आम्हाला माहीत नाही.
– एक वडील

उत्तर : आपल्या शाळेला शुल्क विनियमनाचा राज्याचा २०११ चा कायदा लागू आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो, आणि त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडले जातात. ही सोडत सर्व पालकांना कळवून काढायची असते. समितीच्या सदस्यांची यादी सूचना फलकावर लावावी लागते आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यावी लागते. शुल्कावर विचार करण्याबरोबरच सहशालेय उपक्रमांच्या शुल्काची माहिती घेणे हेही या समितीचे काम आहे, त्यामुळे पोशाखाचा प्रश्न आधी तिच्यापुढे जाऊ द्या. यादी फलकावर नसेल तर ती लेखी मागा. गणवेश किंवा साहित्य एकाच दुकानातून घेण्याची सक्ती शाळांनी करू नये, असे शासनाचे आदेश फार पूर्वीपासून आहेत. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर आजीच्या जुन्या नऊवारीतून शिवलेल्या पोशाखातला कोळी नाच मी याच गावात पाहिला आहे आणि टाळ्या त्यालाच जास्त मिळाल्या होत्या.

प्रश्न : २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. पंचवटीतल्या शाळांच्या परीक्षा आणि कार्यक्रम यांचे काय होणार?
– एक पालक, पंचवटी

उत्तर : नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ अशी जाहीर झाली आहेत, त्र्यंबकेश्वरला तिसरे स्नान १२ सप्टेंबरला आहे. पहिला दिवस सोमवार, दुसरा मंगळवार आणि तिसरा शनिवार, म्हणजे तिन्ही वेळा शाळेचाच वार येतो, आणि अडचण त्या एका दिवसापुरती राहत नाही, कारण रस्ते आदल्या दिवसापासूनच वळवावे लागतात. सुटीचे आदेश प्रशासन त्या-त्या वेळी काढील. शाळांना मात्र पहिली ते पाचवीसाठी वर्षात २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस भरावे लागतात, त्यामुळे बुडालेले दिवस कुठे भरून काढायचे हे जूनमध्येच ठरवलेले बरे. गोदाकाठच्या शाळांनी पहिली चाचणी जुलैअखेर उरकावी किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात घ्यावी, आणि १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाचा सराव दोन स्नानांच्या मधल्या दिवसांत बसवावा, असे मला वाटते. आपल्या शाळेच्या समितीत हा विषय २०२७ च्या एप्रिलपर्यंत निघाला नाही, तर आपणच काढा.