टीएसएच नॉर्मल, तरी थकवा जात नाही. टी३ सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की थायरॉइड कमी पडतं म्हणून थायरॉक्सिन (म्हणजे टी४ हार्मोनची गोळी) चालू आहे, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं, जास्त झालं की घटतं) २.१, फ्री टी४ मधोमध, फ्री टी३ (टी४पासून शरीरात बनणारं हार्मोन) खालच्या काठाला, आणि थकवा हटत नाही. तर टी३ची गोळी जोडावी की जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीपासून केलेलं औषध घ्यावं, असं विचारलंय. नुसत्या फ्री टी३च्या आकड्यावर औषध बदलू नका. आधी त्या रिपोर्टवर विश्वास ठेवण्यासारखा आहे का ते बघा.

माझी ताई केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायची, १० मिलिग्रॅमची गोळी. शरीराला रोज लागतं ३० मायक्रोग्रॅम! बऱ्याच लॅबच्या तपासणीत बायोटिन लुडबुड करतं, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४ खोटा जास्त. ताईचा टीएसएच ०.०५ आला आणि थायरॉक्सिनचा डोस १०० मायक्रोग्रॅमवरून ५० वर आणला. मग तिचा चेहरा सुजायला लागला, आवाज घोगरा झाला, पंख्याखाली बसवेना. भाऊजींचं एकच पालुपद: "कागदावर थायरॉइड जास्त आहे, मग थकवा त्याचा कसा?" त्यांनीच ठरवलं की ही गोळी मानवत नाही, टी३ घेऊन बघू. मी भांडले. थायरॉइड जास्त झालेल्या बाईला थंडी वाजते का? नाडी साठच्या खाली जाते का? शेवटी केसांची गोळी बंद केली, काही दिवसांनी त्याच लॅबमध्ये रक्त दिलं, टीएसएच १४, म्हणजे थायरॉइड कमीच! डोस परत १०० झाला तशी सूज ओसरली. भाऊजी आजही म्हणतात, लॅबनेच घोळ घातला.

तर बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस बंद ठेवा आणि मग तपासा. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी१२ बघितलंय का? ते कमी असलं तरी थकवा येतो.

टी३ वाईट नाही. काहींना खरंच बरं वाटतं, पण ते एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) देखरेखीखाली, थकव्याची बाकी कारणं निपटल्यावर. ते झपाट्याने चढतं आणि उतरतं, छाती धडधडते. ग्रंथीच्या औषधात टी४ आणि टी३ चं प्रमाण साधारण ४:१ असतं, माणसाच्या ग्रंथीत १४:१ च्या आसपास, म्हणून ते मला पटत नाही. काहीही बदललं तरी पुढचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी.

हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा गरोदरपणाचा विचार असेल तर टी३च्या वाटेला जाऊ नका. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आईचं टी४ लागतं. दोष पिट्युटरीचा असेल तर टीएसएच बघून उपयोग नाही, फ्री टी४च बघावा लागतो. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत नाडी, वजन, बद्धकोष्ठता हेही लिहून न्या, घरातलं कोणी 'कागद बघा' म्हणालं तरी.