लुडविकाला येताय? मग एवढं ऐका

ताई, तुम्ही विचारलंत की नवऱ्याला लुडविकाला नोकरी लागलीय, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तर स्वीडनमधल्या एवढ्याशा गावात दुखलं-खुपलं तर कोण बघणार आणि बोलायला माणसं मिळतील का. मला इथं सात वर्षं झाली. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही.

आल्याबरोबर करखात्याकडे नाव नोंदवा. राहण्याचा परवाना निदान वर्षभराचा असेल तर पर्सोननुम्मर मिळतो, आपल्या आधारसारखा. तो नसला की बँकेपासून सगळंच अडतं. आमचा यायला सहा आठवडे लागले, तेवढे पैसे हाताशी ठेवा. मग महिन्याला १२५० क्रोना बालभत्ता सुरू होतो.

मुलीसाठी कोम्यूनकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, बालवाडीचा अर्ज टाका. चार महिन्यांत जागा देणं त्यांना बंधनकारक आहे. तिच्या वयाला आठवड्याचे १५ तास फुकट, तुम्ही घरी असलात तरी. जास्त तासांची फी उत्पन्नावर ठरते, पहिल्या मुलाला ३ टक्के, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. उणे दहातही पोरांना बाहेर खेळायला काढतात, पहिल्या आठवड्यात मला रडूच आलं होतं. पुण्याहून जाड जॅकेट आणू नका. लोकरीचे आतले कपडे आणि ओव्हरऑल इथंच सेकंडहँड घ्या.

डॉक्टरच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन यायची सवय इथं चालत नाही. ११७७ ला फोन करायचा, नर्स सगळं विचारून घेते आणि बहुतेक वेळा सांगते, पाणी पाजा, वाट बघा. लेकाला तीन दिवस ताप होता आणि मी फोनवर अक्षरशः भांडले. (तो चौथ्या दिवशी आपोआप उतरला, ते जाऊ दे.) पण खरंच गंभीर असेल तर धावपळ तेच करतात, आणि मुलांच्या तपासणीला पैसे पडत नाहीत. मूल आजारी म्हणून आईबापांपैकी कुणीही घरी राहू शकतं, पगाराचा बराचसा भाग सरकार देतं. बाळंतपणाला फालून शहर गाठावं लागतं, गाडीने तासभर.

आता माणसं. हाय-व्होल्टेज विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यामुळे इथं भारतीय आहेत, दिवाळीला फराळाची ताटं फिरतात. पण कंत्राट संपलं की घरं रिकामी होतात, मैत्रिणी दर दोन वर्षांनी बदलतात. स्वीडिश शेजारी आपणहून दार वाजवत नाहीत. आमच्या इमारतीच्या तळघरात सामाईक धुण्याची खोली आहे, वेळ आधी लावून ठेवायची. एकदा ड्रायरवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली: जाळीतला कापूस काढत जा. मला इतकं लागलं! दुसऱ्या दिवशी जाळी पुसली आणि चिठ्ठीखाली 'माफ करा' लिहून चार चकल्या ठेवल्या. आठवड्याने डबा परत आला, आत दालचिनीचे बन. चिठ्ठी लिहिणाऱ्या शेजारच्या आजी आता मला मंगळवारच्या विणकामाच्या गटात नेतात.

तेव्हा गटात शिरा: कोरस, स्की, वाचनालयातला गप्पांचा तास, काहीही. भाषेचे सरकारी वर्ग फुकट आहेत, पर्सोननुम्मर आला की त्याच आठवड्यात नाव घाला. डिसेंबरात साडेपाच-सहा तासच उजेड असतो, तेव्हा घरात बसलं की मन खातं.

आणि कुकर आणणार असाल तर इंडक्शनवर चालणारा आणा, रबरं दोन जास्तीची घ्या.